खुंटाची फूट

इंदुताई : अगं, हळू! पाय कुठे ठेवतेस? त्या बाजूने ये, पन्हाळीकडून. आता वाक आणि बघ. दिसलं?

अश्लेषा : दिसलं, आई.

इंदुताई : नुसतं "दिसलं, आई"? आमटीत मीठ कमी आहे म्हटल्यासारखं? अगं, फूट आहे ती! माझ्या केदारच्या गुलाबाला फूट आलीय!

माधवराव : मी काल संध्याकाळीच पाहिली होती. म्हटलं, हिची हिला सापडू दे. नाहीतर श्रेय माझ्याकडे येतं, आणि मग दिवसभर चहा पांचट मिळतो.

इंदुताई : पाहिली म्हणे! तुमचं नाक त्या पेपरातून वर निघेल तेव्हा पाहाल. अश्लेषा, बघ गं, सगळं कसं एका दमात जागं झालंय. शेवगा पांढरा झालाय, कढीपत्त्याला तांबडे कोंब आलेत, आणि आंब्याखाली उभं राहवत नाही इतका मोहोराचा वास. परवापर्यंत धुक्यात कुंपण दिसत नव्हतं.

अश्लेषा : तांबट पण बोलायला लागलाय. सकाळी टुकटुक चालली होती त्याची, हॉस्पिटलच्या बाजूच्या पिंपळावर.

इंदुताई : बोलणारच! आज वसंत पंचमी. आपल्याला पंचांग लागतं, त्यांना लागत नाही. आणि ह्यालाही लागलं नाही बघ. बरोब्बर आजच्या दिवसापर्यंत पान उघडून उभा राहिला शहाणा.

माधवराव : खुर्ची जरा उन्हात सरकवता का कोणी? वसंत सगळ्यांना आला, माझ्या गुडघ्यांना अजून कोणी कळवलं नाही.

अश्लेषा : थांबा बाबा, देते सरकवून. आई, ही फूट जरा फिकी नाही वाटत?

इंदुताई : फिकी? कोवळी आहे. कोवळं कधी काळंभोर असतं का? ते राहू दे. संक्रांतीला काय ठरलं होतं, ते सांग बघू.

अश्लेषा : आठवतं मला.

इंदुताई : मोठ्याने सांग. ह्यांनाही ऐकू दे. नंतर म्हणतील, मी नव्हतो, मी झोपलो होतो.

अश्लेषा : ठरलं होतं की वसंत पंचमीपर्यंत ह्या गुलाबाला फूट आली तर मी इथेच राहायचं, आणि भोपाळचं नाव काढायचं नाही. नाही आली, तर तुम्ही स्वतःच्या हाताने माझी ओटी भरून मला पाठवायचं.

माधवराव : कोर्टात वकील इतकं नीट बोलत नाहीत भई. तिळगूळ खात केलेला करार.

इंदुताई : खात नाही, हातात घेऊन. देवासमोर. मग? आली की नाही फूट?

अश्लेषा : आली.

इंदुताई : झालं तर मग. तुझ्या त्या मैत्रिणीला, गरिमाला फोन करून टाक. म्हणावं, तुझी नर्सरी तुला लखलाभ, माझी इथे आहे. घरची बाग सोडून लोकांची रोपं विकायला भोपाळला जायचं! हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

अश्लेषा : गरिमा गेल्या वर्षीपण थांबली होती, आई. तेव्हा तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्याआधी बाबांचा गुडघा. या वेळी तिच्याकडे दुसरी मुलगी तयार आहे. ती म्हणाली, आज संध्याकाळी हो की नाही ते सांग, सीझन मेरे लिए नहीं रुकेगा.

इंदुताई : मग सांग ना संध्याकाळी. नाही म्हणायला एवढा वेळ कशाला लागतो?

अश्लेषा : सांगते. पण त्याआधी मी जरा बुंध्याची माती बाजूला करून बघू का? तुम्ही केवढा ढीग लावलाय भोवती. फूट कुठून आली ते दिसतच नाहीये.

इंदुताई : हात लावायचा नाही! थंडी अजून गेलेली नाही. एवढ्या कडाक्यातून जपलंय मी त्याला. शेणखत घातलं, माती ओढली, वरून गोणपाट घातलं. आता तू उकरणार आणि मुळं उघडी टाकणार?

अश्लेषा : मुळं नाही, फक्त कलमाच्या सांध्यापर्यंत. दोन बोटं.

इंदुताई : दोन बोटं नाही आणि एक नाही. मी हळदकुंकू घेऊन येते. त्याच्यावर दोन अक्षता टाकू, थोडा मोहोर सरस्वतीला वाहू. गॅसवर केशरी भात आहे, तोही बघायचाय. अहो, लक्ष ठेवा हिच्यावर.

माधवराव : ठेवतो. मला दुसरं काम तरी काय आहे?

अश्लेषा : गेल्या आत?

माधवराव : गेली. चमच्याचा आवाज येतोय. बस इथे, पायरीवर. ऊन छान आहे.

अश्लेषा : बाबा, तुम्ही काल पाहिलीत ना ती फूट? जवळून?

माधवराव : माझा चष्मा...

अश्लेषा : चष्मा तुमच्या नाकावर आहे.

माधवराव : हं.

अश्लेषा : पहिल्या हिवाळ्यात आईंनीच शिकवलं मला. नवी सून म्हणून आले होते, मला गुलाबाची काडीसुद्धा धरता येत नव्हती. याच पायरीवर बसून सांगितलं होतं त्यांनी. खाली जंगली गुलाबाचा खुंट असतो, त्याच्या सालीत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा, म्हणजे डोळा भरायचा. सांध्याच्या वरून फुटलं तर आपला गुलाब, खालून फुटलं तर ती खुंटाची फूट, जंगली. ती दिसली की लगेच काढायची.

माधवराव : ती सगळ्यांना हेच शिकवते. पोस्टमनलाही शिकवलंय.

अश्लेषा : केदारच्या गुलाबाची नवी फूट कशी असायची? तुम्ही सांगा.

माधवराव : तांबूस. जवळजवळ वांगी रंगाची.

अश्लेषा : आणि एका देठाला पानं किती?

माधवराव : बेटा, कशाला विचारतेस?

अश्लेषा : पाच. आणि ह्या फुटीला सात आहेत. हिरवीगार, फिकी, पोपटी. सात! तुम्ही काल मोजलीत ना? खरं सांगा.

माधवराव : मोजली. काल मोजली, आणि आज सकाळी ती यायच्या आधी पुन्हा येऊन मोजली. म्हटलं, रात्रीत दोन गळून पडली असतील तर बरं.

अश्लेषा : मग बोलला का नाहीत?

माधवराव : आज किती दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला मी. "अगं ये, बघ, बघ" करून घर डोक्यावर घेतलंन. तू ऐकलास ना? मुलगा दहावीत पहिला आला होता तेव्हा असा होता आवाज. कसं सांगू मी तिला, की बाई, हे तुझ्या मुलाचं नाही, हे जंगली आहे?

अश्लेषा : आणि माझं काय?

माधवराव : हो, ते आहेच.

अश्लेषा : "ते आहेच" नाही बाबा. तेच आहे. मी गप्प बसले तर मी हरले. इथेच राहायचं, कायमचं. मी बोलले तर मी त्यांना मोडून टाकते. सांगा, कुठून निघू? तुम्ही दोघं वाईट असता ना, मारझोड, टोमणे, तर मी केव्हाच निघून गेले असते. तुमची माया आहे हो माझ्यावर. तोच तर फास आहे. दम घुटता है मेरा.

माधवराव : एक वर्ष थांबतेस का? फक्त एक. तोवर मी तिला हळूहळू...

अश्लेषा : दर वर्षी तुम्ही हेच म्हणता. हळूहळू काय सांगणार आहात? केदारने मला फोनवर सांगितलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याशीपण बोललाय तो.

माधवराव : बोललाय.

अश्लेषा : काय म्हणाला?

माधवराव : म्हणाला, बाबा, मी इथे टोरांटोत घर घेतलंय, आणि एकटा नाही राहत. म्हणाला, अश्लेषाला म्हणावं, तुझं तू बघ. मी म्हटलं, तुझ्या आईला तू सांग. तर म्हणे, नेटवर्क बरोबर नाही. चांगलं स्वच्छ ऐकू येत होतं मला.

अश्लेषा : मग? सांगितलंत त्यांना?

माधवराव : दोनदा सांगितलं. एकदा ती म्हणाली, तिकडे घरं महाग असतात, दोघंतिघं मिळून राहतात. दुसऱ्यांदा उठून वांगी निवडायला बसली. आणि खरं सांगू का? मी जास्त जोर लावला नाही. तू आहेस म्हणून औषध वेळेवर मिळतं, पाठीला तेल लागतं, कोणीतरी वर चढून पाण्याची टाकी बघतं. मी तुला थांब म्हणतो ते काही फक्त तिच्यासाठी नाही. माझ्याही सोयीचं आहे ते. म्हातारा माणूस लबाड असतो, बेटा.

अश्लेषा : तुम्ही असं सरळ बोललात की मला रागपण येत नाही. ते अजून वाईट.

माधवराव : काय करतेस? अगं, खुरपं ठेव. ती येईल.

अश्लेषा : येऊ दे. मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. पानांवरून नाही, सांध्यावरून. माझ्या मनात किंतू राहायला नको की कदाचित, कदाचित वरचीच असेल.

माधवराव : हळू तरी कर. कोवळी आहे.

अश्लेषा : तुम्हालापण पुळका आला तिचा?

माधवराव : जंगली असली तरी तिची काय चूक?

अश्लेषा : बाबा.

माधवराव : काय झालं?

अश्लेषा : इकडे या. या ना, काठी घेऊन या. मला वाटलं होतं, सांधा काळा पडलेला असेल आणि फूट त्याच्या खालून आली असेल. पण इथे सांधाच नाहीये.

माधवराव : म्हणजे काय? सांधा जाईल कुठे?

अश्लेषा : कापलाय. बघा. सांधा होता तिथून चांगलं दोन बोटं खाली, कात्रीने, तिरका. एकदम साफ. आणि कापलेल्या जागेवर हळद लावलीय. अजून पिवळी आहे.

माधवराव : थंडीत वाळलेल्या काड्या काढल्या तिने, एवढं मला ठाऊक आहे. जमिनीपर्यंत छाटला होता. म्हणाली होती, वरचं गेलं पण आत डोळा जिवंत आहे, म्हणून माती ओढून झाकला.

अश्लेषा : काड्या नाहीत, डोळ्यासकट सगळं काढलंय. केदारने भरलेलं इथे कणभरही उरलेलं नाही. फक्त खुंट ठेवलाय. वरचं कापलं की खुंट जोराने फुटतो, हेही त्यांनीच शिकवलेलं. बाबा, हे तुम्ही केलंत?

माधवराव : मला वाकता तरी येतं का?

अश्लेषा : मग या घरात कापलेल्या फांदीला हळद लावणारं दुसरं कोण आहे?

इंदुताई : मी आहे.

माधवराव : इंदू, ताट खाली ठेव आधी. निरांजन सांडेल.

इंदुताई : सांडत नाही. हात लावू नकोस म्हटलं होतं ना तुला? तुमच्या भरवशावर सोडून गेले, तर तुम्ही खुरपं देऊन बसलात तिला.

अश्लेषा : आई, हे काय केलंत?

इंदुताई : झाक ते आधी. उघडं टाकू नकोस.

अश्लेषा : झाकते. पण तुम्हाला माहीत होतं!

इंदुताई : या बागेत काय मेलं आणि काय जगलं, ते मला माहीत नसेल? तू अजून शाळेत होतीस तेव्हापासून मी डोळे भरतेय.

अश्लेषा : केव्हा कापलंत?

इंदुताई : संक्रांत झाल्यावर. तू बाजारात गेली होतीस, नई सडकवर, आणि हे झोपले होते. मनात आलं, पैज तर लावून बसलोय, बघावं तरी. माती काढली. नखाने खरवडलं तर तपकिरी. अजून खाली खरवडलं, तरी तपकिरी. मग चाकू लावला. डोळा पार काळा, कोळशासारखा भुगा झाला हातात. केदारने मुरारहून मित्राच्या बंगल्यातून आणली होती ती काडी, ओल्या फडक्यात गुंडाळून, सायकलवरून. मी श्वास रोखून उभी होते तो डोळा भरत असताना. पहिलाच डोळा त्याचा, आणि पहिल्याच झटक्यात लागला. तो मी कात्रीने कापला. रडले नाही हं. हळद लावली, माती ओढली, हात धुतले आणि तू येशील म्हणून चहा ठेवला.

अश्लेषा : आणि मग रोज सकाळी माझ्यासमोर इथे येऊन म्हणत होतात, "फुटेल, फुटेल."

इंदुताई : फुटणारच होता. खुंट चांगला आहे.

माधवराव : पत्त्यांतही हिचं असंच. हरायला लागली की म्हणते, पानं नीट पिसली नव्हती. हा तर शुद्ध रडीचा डाव झाला, इंदू.

इंदुताई : रडीचा तर रडीचा. हिलाही विचारा ना! बाईसाहेबांनी पैज कबूल कशी केली? पहिल्या फटक्यात "हो" म्हणाली, एवढी शहाणी मुलगी. मला तेव्हाच खटकलं होतं. काय गं? तू संक्रांतीच्या आधीच खरवडून बघितलं होतंस ना?

अश्लेषा : हो.

इंदुताई : हो ना?

अश्लेषा : आदल्या दिवशी. काडी तपकिरी होती. म्हटलं, हा काही फुटत नाही आता. मला वाटलं, भांडण नको, रडारड नको. आपोआप निकाल लागेल आणि मी सुटेन.

माधवराव : घ्या! म्हणजे दोघीही लबाड. देवासमोर, तिळगूळ हातात घेऊन. आणि मी आपला बसलोय साक्षीदार.

इंदुताई : तुम्ही गप्प बसा. तुम्हीही मोजलीच असतील पानं.

माधवराव : मोजली.

इंदुताई : मग झालं तर. या घरात वेडं कोणीच नाही. तिघांना ठाऊक आहे, आणि तिघं फुटीभोवती उभं राहून वसंत आला, वसंत आला करतोय.

अश्लेषा : आई, मला एकच सांगा. का? मी तुम्हाला इतकी हवी आहे तर तोंडाने म्हणायचं ना, "राहा". मी थांबले असते की नाही ते माहीत नाही, पण मला कळलं तरी असतं. हे असं जंगली फूट दाखवून, केदारच्या नावाने...

इंदुताई : तू म्हणजे नुसती तू नाहीस ना गं.

अश्लेषा : मग काय आहे मी?

इंदुताई : शेजारची विजयाबाई रोज गेटवर विचारते. "केदार कधी येतोय?" मी म्हणते, येईल की, बायको इथे आहे त्याची, जातो कुठे? देवळात विचारतात, लग्नात विचारतात. माझं एकच उत्तर. बायको इथे आहे. दुसऱ्यांना सांगता सांगता मला स्वतःलाही खरं वाटतं ते. तुझा टॉवेल दोरीवर वाळत असतो तेव्हा खरं वाटतं. तू गेलीस की काय सांगू मी? कुठल्या तोंडाने सांगू? तू गेलीस म्हणजे तो येणार नाही. त्या दिवशी संपलंच सगळं.

अश्लेषा : म्हणजे मी गहाण आहे तुमच्याकडे. गहाण ठेवलेली वस्तू. आणि सोडवायला येणारा येणारच नाहीये, आई. त्याने तिकडे दुसरं घर मांडलंय.

माधवराव : अश्लेषा...

अश्लेषा : नाही बाबा, बोलू द्या. मला पस्तिसावं लागेल आता. ना मी कोणाची बायको, ना मी कोणाची कोणी. हळदीकुंकवाला बायका मला वाण देतात आणि पाठ वळली की कुजबुजतात. मी या अंगणातला प्रत्येक कोंब ओळखते, कुठला कधी उघडणार ते सांगू शकते. आणि स्वतःचं काय, तर दर वसंतात मी विचार करते, या वेळी. आणि दर वेळी काहीतरी निघतं. गुडघा निघतो, डोळा निघतो, गुलाब निघतो. थक गई हूँ मैं. सच में. आता मला काही जिंकायचं नाहीये. मला फक्त जायचंय.

माधवराव : निरांजन विझलं.

इंदुताई : विझू दे.

माधवराव : इंदू, आपण तरी किती दिवस...

इंदुताई : तुम्ही तिला काय सांगितलंत, मी आत असताना?

माधवराव : थांब म्हणालो. एक वर्ष.

इंदुताई : कशासाठी?

माधवराव : टाकी, तेल, औषधं. मीही काही साधुसंत नाही.

इंदुताई : बघ. असे आहोत आम्ही. दोन म्हातारी, दोन्ही बाजूंनी धरून बसलोय तुला.

अश्लेषा : मला ते माहीत होतं. तरी मला राग येत नाही, येतं ते रडूच. तुम्ही ओटी भरली नाहीत तरी मी जाणार आहे, आई. संध्याकाळी गरिमाला हो सांगणार आहे. पण तुम्ही भरलीत, तर मला बरं वाटेल. पळून गेल्यासारखं वाटणार नाही.

इंदुताई : आज नाही.

अश्लेषा : आई!

इंदुताई : अगं, सणाच्या दिवशी घरातलं माणूस बाहेर काढतात का? आज नाही. उद्या सकाळी.

अश्लेषा : उद्या म्हणजे उद्या?

इंदुताई : उद्या म्हणजे उद्या. माझ्याकडे असं बघू नकोस. आता माझ्याकडे दाखवायला दुसरं झाड नाही.

माधवराव : आणि या फुटीचं काय करायचं? काढायची?

इंदुताई : सध्या राहू दे. सगळंच आजच्या आज कुठे काढत बसू? चला आत. भात खाली लागला असेल.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढच्या दारात. बाहेर ऑटो उभा आहे.)

माधवराव : भई, ऑटोवाला हॉर्न वाजवतोय. त्याला दोन मिनिटं थांब म्हटलं, पण त्याची दोन मिनिटं फार लहान असतात.

इंदुताई : वाजवू दे. पदर नीट धर गं, नारळ पडेल. किती वर्षं झाली लग्नाला, अजून ओटी घेता येत नाही हिला.

अश्लेषा : आई, हे कापड तुमच्या पेटीतलं आहे ना? तुम्ही ते...

इंदुताई : त्याच्या मुलीच्या बारशासाठी ठेवलं होतं. पडून काय करायचंय? शिवून घे. आणि डबा वरच्या कप्प्यात ठेवलाय, गाडीत लगेच खा, तुला भुकेचं लक्ष राहत नाही. भोपाळला ऊन इथल्याआधी चढतं. मोगरा गेल्या गेल्या छाट.

अश्लेषा : छाटते. बाबांच्या गोळ्या मी डब्यांत घालून ठेवल्यात. सकाळच्या निळ्या डब्यात.

माधवराव : मला वाचता येतं अजून. तू पोचलीस की फोन कर. माझं नेटवर्क नेहमी बरोबर असतं.

अश्लेषा : करीन. रोज करीन.

इंदुताई : रोज नको. रोज केलास की सवय लागेल. रविवारी कर.

अश्लेषा : थांबा, नमस्कार करते. बाबा. आई.

इंदुताई : असू दे, असू दे. सुखी राहा. ऊठ आता.

अश्लेषा : येते, आई.

इंदुताई : येते म्हणू नकोस.

अश्लेषा : काय?

माधवराव : इंदू, हे काय भलतंच? उंबऱ्यावरून निघताना कोणी दुसरं काही म्हणतं का? अशुभ बोलू नकोस.

इंदुताई : तोही येतो म्हणूनच गेला होता. इथेच उभा राहून, याच दारात. आणि मी त्या एका शब्दावर आजतागायत बसलेय. हिच्या येतेवर पुन्हा बसायला लावू नका मला. माझ्यात आता तेवढा दम नाही. तू जाते म्हण.

अश्लेषा : आई, माझ्या तोंडून नाही निघणार.

इंदुताई : निघेल. या घरातून कोणीतरी एकदा तरी खरं बोलून जाऊ दे. म्हण.

अश्लेषा : जाते, आई.

इंदुताई : जा.